एका हाकेला दोन ओ

१

सोमवारी सकाळी आठ वाजता रोपवाल्या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीचं दार उघडलं आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. आत चार अंश असायला हवं होतं. भिंतीवरच्या साध्या काचेच्या तापमापकात अडतीस होतं.

त्या खोलीत फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि बरणीबरणीत बोटभर रोपं. कुठल्या कुठल्या डोंगरांवरून आणलेली, जगात आता दुसरीकडे कुठे नसलेली. अकरा वर्षांचं काम होतं ते. सगळी रोपं उकडलेल्या पाल्यासारखी बरण्यांच्या तळाशी बसली होती. बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एक स्टूल ओढून त्या दारातच बसल्या, आणि कुणी काही विचारलं की म्हणायच्या, "स्क्रीन बघा ना. स्क्रीनवर काय आहे?"

तळमजल्यावरच्या आमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर त्या खोलीचं तापमान होतं ४.१. शनिवारी ४.१, रविवारी ४.१, आणि बाई त्या गरम खोलीच्या दारात बसल्या होत्या तेव्हाही ४.१. रोपवाल्या बाई शुक्रवारपासून परगावी परिषदेला गेल्या होत्या, आणि तिथून मोबाईलवर दर दोन तासांनी हाच आकडा बघून निश्चिंत झोपत होत्या.

नऊ वाजता संचालकांनी धाकटीच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि तिला इमारतीबाहेर जायला सांगितलं. सव्वानऊला त्याच किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, गुरुवारी दुपारी बारापर्यंत चूक कुणाची ते लेखी द्या.

कशाला खोटं बोलू? किल्ल्या हातात पडल्या तेव्हा मला आनंद झाला.

२

धाकटी म्हणजे माझी बहीण नव्हे. मास्तर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, त्यांच्या हाताखाली आम्ही दोघी शिकलो. मी सोळा वर्षांपूर्वी आले, ती पाच वर्षांपूर्वी. मास्तरांनी मला थोरली म्हणायला सुरुवात केली आणि तिला धाकटी, आणि बाकीच्यांनी तेच धरलं. ती मला ताई म्हणते.

आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या इमारतीत थंड खोल्या, पंखे, पंप, हीटर यांच्याजवळ एकेक छोटा कंट्रोलर बसवलेला असतो. आम्ही त्याला डबा म्हणतो. या संस्थेत असे दोनशे बारा डबे. सगळे एकाच वायरीवर, माळेतल्या मण्यांसारखे. प्रत्येक डब्याला दोन ओळखी. एक म्हणजे घर: कुठल्या मजल्याच्या कुठल्या ओळीत कितवा, ते डब्यातल्या बारक्या बटणांनी लावायचं. दुसरी म्हणजे क्रमांक. तो डब्याच्या पोटात, प्रोग्रॅमबरोबर भरलेला असतो आणि अख्ख्या इमारतीत एकाचाच असावा लागतो. कॉम्प्युटर वायरीवर हाक मारतो, तीन हजार एकशे सात कोण? तो डबा ओ देतो, मी, तिसरा मजला, पहिली ओळ, सातवं घर. कॉम्प्युटर ते घर लिहून ठेवतो आणि मग त्याच घराशी बोलतो. नव्या डब्याला वीज मिळाली की तो न विचारताही एकदा ओरडतो, मी आलो. बस, एवढंच आहे आमचं शास्त्र.

मास्तरांचा एक नियम होता, आणि तो आम्ही देवाच्या शब्दासारखा पाळायचो. डब्यात काहीही भरलंत की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं क्रमांक आणि तारीख लिहायची. झाकण कोरं तर डबा कोरा. कॉम्प्युटर बंद असो, यादी हरवो, झाकण उघडलं की कळलं पाहिजे.

मास्तर या महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. त्यांची खुर्ची मला मिळणार हे मी इतकं धरून चालले होते की खुर्चीवरचं कव्हर कुठल्या रंगाचं घ्यायचं तेही ठरवलं होतं. महिन्यापूर्वी मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, खुर्ची धाकटीला. मी विचारलं, माझं काय चुकलं? ते म्हणाले, "तुझं काम चोख असतं गं. पण सोळा वर्षांत तुझ्या हाताखाली कुणी टिकलं नाही."

त्या दिवसापासून मला धाकटीचं सगळं खुपायला लागलं. तिचं हसणं, तिचं जेवणाचा डबा आणून सगळ्यांना वाटणं, वायरमनदादांना आधी चहा विचारणं. या थंड खोल्यांचं काम तिनं एकटीनं केलं होतं आणि सगळे त्याची वाहवा करत होते. तिच्या कामाची नक्कल समोर ठेवून मी तासन्‌तास चूक शोधली आहे. खरकट्या भांड्यात शीत शोधावं तशी. चूक सापडत नव्हती, आणि म्हणून मला आणखीच राग येत होता.

आता चूक आपल्या पायांनी चालत आली होती. गुरुवारी मी धाकटीचं नाव लिहिलं की ती नुसती खुर्चीला मुकणार नव्हती. या धंद्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

३

सोमवारी दुपारी मी ग्राफ काढला. थंड खोलीचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा असतो. मशीन चालू झालं की खाली, बंद झालं की वर. शुक्रवारी दाते व्यवस्थित होते. शनिवारी पहाटेपर्यंतही होते.

रोज सकाळी सहाला कॉम्प्युटर त्या खोलीच्या डब्याला सांगतो, बर्फ वितळव. डबा मशीन थांबवतो आणि हीटर लावतो, म्हणजे आतल्या पाइपांवरचं बर्फ गळून पडतं. साडेसहाला कॉम्प्युटर सांगतो, पुरे. शनिवारी सहाला ग्राफ नेहमीसारखा वर चढायला लागला होता. सहा चौदाला तो ५.६ होता. त्याच मिनिटाला तो सरळ ४.१ वर पडला आणि तिथून सोमवारपर्यंत पट्टीनं आखल्यासारखी रेघ.

तापमान असं पडत नाही. बर्फाच्या पाण्यात बुडवलात तरी सेन्सरला थंड व्हायला वेळ लागतो. म्हणजे आकडा खोटा होता. आणि आकडा बदलायचा पासवर्ड इमारतीत दोघांकडेच, मास्तर आणि धाकटी. मी ग्राफचा कागद छापून घेतला आणि संध्याकाळी धाकटीच्या घरी गेले.

ती दारात आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिच्या आईनं आत पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी डॉक्टर आहे आणि आता निदान सांगणार आहे. मी कागद पुढे ठेवला. धाकटीनं तो बराच वेळ बघितला. मी विचारलं, शनिवारी सहा चौदाला कुठे होतीस? घरी, झोपलेली, आई साक्षीला. पासवर्ड कुणाला दिला होता? कुणाला नाही. बाईंशी काही वाकडं? काहीच नाही.

मग ती म्हणाली, "ताई, हा आकडा कुणी लिहिलेला नाही. लिहिला असता तर त्यापुढे हातानं बदलल्याची खूण आली असती. हा आकडा कुठला तरी डबा सांगतोय."

मला तिचा संताप आला. हाताची खूण मी बघायला हवी होती आणि मी बघितली नव्हती. चूक तिची निघावी याची एवढी घाई झाली होती मला. नोकरी चाललीय, डोळे सुजलेत, आणि तरी पोरगी माझ्याआधी तिथे पोचली.

४

मंगळवारी मी फाटकावरच्या कार्डांची नोंद मागवली. शनिवारी सकाळी सहा ते साडेसहा इमारतीत तिघंच. पहारेकरी, आमचे वायरमनदादा, आणि रोपवाल्या बाईंच्या शेजारच्या प्रयोगशाळेतले साहेब.

शनिवारी सकाळी सहाला साहेब तिथे काय करत होते? त्यांची स्वतःची प्रयोगशाळा शनिवारी बंद असते. आणि गेल्या वर्षीचा मोठा सन्मान बाईंना मिळाला तेव्हा साहेबांनी आठवडाभर कुणाशी बोलणं टाकलं होतं, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत.

साहेबांनी आधी खूप आढेवेढे घेतले. पुस्तक विसरलो होतो, म्हणाले. कार्डाची नोंद दाखवल्यावर कळलं की ते दर शनिवारी याच वेळेला पुस्तक विसरत होते, गेले चौदा महिने. शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि सांगितलं. बाईंच्या थंड खोलीच्या दाराला एक छोटी काच आहे. शनिवारी सकाळी कुणी नसतं. ते येतात आणि त्या काचेतून बरण्या मोजतात. किती जगल्या, किती मेल्या.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलीय, पण असा खरोखर वाकून पाहणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. इतका मोठा शिकलेला माणूस आणि इतका बारका जीव. मला किळस आली आणि ती मी लपवलीही नाही.

"या शनिवारी काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही. काचेवर आतून वाफ होती. आठ वाजता निघताना पुन्हा पाहिलं. तेव्हाही वाफच होती."

"आठ वाजता? वाफ अर्ध्या तासात जाते. चौदा महिने बघताय, तुम्हाला माहीत असणार."

त्यांना माहीत होतं. दार ढकललं असतं, पहाऱ्यावर एक शब्द टाकला असता, तर निम्मी रोपं वाचली असती. ते घरी गेले आणि दोन दिवस कुणाला काही बोलले नाहीत. हा गुन्हा कुठल्या वहीत बसत नाही, पण मी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्यासारख्या माणसांना दुसऱ्याच्या कामाच्या आसपास फिरकू देऊ नये.

एक गोष्ट मात्र त्यांनी दिली. आठ वाजता वाफ होती, म्हणजे साडेसहाला हीटर बंद झालाच नव्हता. मी कॉम्प्युटरची नोंद काढली. शनिवार, साडेसहा, 'पुरे' असा हुकूम तीन हजार एकशे सातला गेला होता. आणि खाली उत्तरही आलं होतं. 'केलं.'

ज्या डब्यानं हीटर बंद केला नाही तो 'केलं' म्हणतो कसा?

५

बुधवारी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर थंड खोलीबाहेरचं पॅनेल उघडलं. सात नंबरचा डबा जागेवर होता. झाकण काढलं. आत पेन्सिलीनं ३१०७ आणि तारीख, धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात. वायरी, सेन्सर, बटणं, सगळं चोख. मी त्याची वीज काढून टाकली. हिरवा दिवा विझला. मेला डबा.

मग खाली येऊन स्क्रीन बघितला. तीन हजार एकशे सात, ४.१ अंश.

मी खुर्चीत बसले. मग वायरीवर हाक मारली. तीन हजार एकशे सात कोण?

क्षणात ओ आली. मी. दुसरा मजला, दुसरी ओळ, चौदावं घर.

आता सगळं उलगडलं. इमारतीत एकाच क्रमांकाचे दोन डबे होते. शनिवारी सहाला खऱ्या डब्यानं हीटर लावला. सहा चौदाला कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या डब्याला वीज दिली आणि तो ओरडला, तीन हजार एकशे सात आलो. कॉम्प्युटरनं भोळेपणानं जुनं घर खोडलं आणि नवं लिहिलं. साडेसहाचा 'पुरे' त्या तोतयाकडे गेला. त्याच्याकडे ना हीटर ना रोपं. तो म्हणाला, केलं. तिकडे खरा डबा हुकमाची वाट बघत राहिला आणि हीटर दोन दिवस चालू राहिला.

धाकटीचा डबा निर्दोष होता. तरी मला आशा होती. क्रमांकांची यादी तिची. एक क्रमांक दोनदा वाटला गेला तर चूक यादीवालीचीच. काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण मी ते झटकलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेले.

६

वायरमनदादा तिथेच होते. त्यांना मी शिडी धरायला सांगितलं. ते म्हणाले, हा डबा मीच बदललाय शनिवारी. पंख्याचा जुना डबा जळला होता, पहाऱ्यावरून फोन आला, सहाला येऊन मी वर्कशॉपच्या फळीवरून एक कोरा डबा घेतला आणि लावला. कामाच्या वहीतही लिहिलंय.

वहीत खरंच होतं. 'दुसरा मजला, पंख्याचा डबा जळाला, कोरा लावला, सोमवारी धाकटीताईंनी भरायचा.' ही ओळ मी सोमवारीच वाचली होती. कोऱ्या डब्याला क्रमांक नसतो, त्याला कॉम्प्युटर विचारत नाही, म्हणून मी पान उलटलं होतं.

"घर तेवढं लावलं मी बटणांनी," दादा म्हणाले. "पोटातलं आपल्याला कळत नाही. झाकण बघितलं, कोरं होतं. म्हटलं, जागा रिकामी दिसायला नको."

दादांना धाकटीचा हेवा वाटत होता, हे खरं. एवढीशी मुलगी आपली साहेब होणार म्हणून ते कुरकुरायचे. पण त्यांना डब्यात काही भरता येत नव्हतं. कुणीतरी आधीच भरून ठेवलेला डबा त्यांच्या हाती लागला होता. भरणाऱ्यानं झाकणावर लिहिलं नव्हतं. आमच्यातल्या कुणी असं करणं म्हणजे स्वयंपाकिणीनं मिठाच्या बरणीत विष ठेवण्यासारखं.

मी झाकण काढलं. आत कोरं. मग खाली बघितलं. सेन्सरची वायर जिथे बसते तिथे वायरीऐवजी एक रेझिस्टर अडकवला होता. टेबलावर काम करताना खोटं तापमान दाखवायला लावतात तसा. त्याच्या दोन्ही पायांना निळी चिकटपट्टी गुंडाळली होती, दोन वेढे आणि टोक आत दुमडलेलं.

असं टोक दुमडायची सवय आमच्याकडे एकीलाच आहे. चिकटपट्टी सोडवताना नखं तुटतात म्हणून.

माझी नखं.

७

मागच्या गुरुवारी दुपारी वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. मी फळीवरचा कोरा डबा घेतला, धाकटीच्या थंड खोलीचा प्रोग्रॅम त्यात जसाच्या तसा उतरवला, खोटं तापमान लावलं आणि इमारतीच्या वायरीला न जोडता, टेबलावरच चार तास तिची चूक शोधत बसले. नक्कल उतरवली की क्रमांकही उतरतो, हे मीच नव्या मुलांना ओरडून शिकवते. मास्तरांनी हाक मारली तशी मी डबा घाईनं बंद करून फळीवर ठेवला. सकाळी पुसून टाकू म्हटलं. शुक्रवारी मला दुसऱ्या जागी पाठवलं आणि मी विसरले. आणि झाकणावर मी लिहिलं नव्हतं, ते मात्र विसरून नव्हे. धाकटीचा क्रमांक माझ्या अक्षरात कुणी बघितला असता तर कळलं असतं की थोरली तिचं काम चोरून बघते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस मी इमारतभर चोर शोधत होते.

दादा खाली शिडी धरून उभे होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "ताई, माझ्यामुळेच झालं ना हे? पण झाकण खरंच कोरं होतं हो."

खिशात पेन्सिल होती. मी ती काढली. धाकटीचं टपोरं अक्षर मला पाठ आहे, महिनाभर दुसरं काही बघितलंच नव्हतं. चार आकडे आणि एक तारीख. रेझिस्टर खिशात घातला की झालं. धाकटीनं डबा भरला आणि दादांनी झाकण न बघता लावला, इतकी सोपी गोष्ट. नाहीतर झाकण तसंच ठेवायचं आणि सगळं दादांवर टाकायचं. ते तर आधीच कबूल करून बसले होते.

खुर्ची मला हवी होती. आजही हवी आहे. मी पेन्सिल झाकणाला टेकवलीसुद्धा. आणि मला ते साहेब आठवले, काचेला नाक लावून बरण्या मोजणारे. काल मी त्यांना काय काय बोलले होते. ते बिचारे नुसते बघत तरी होते.

मी झाकणावर ३१०७ लिहिलं, खाली मागच्या गुरुवारची तारीख, आणि माझ्या अक्षरात लिहिलं. मग दादांना सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही. ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मीही वरच्या पायरीवर बसून राहिले.

८

गुरुवारी बाराला संचालकांच्या खोलीत सगळे जमले. संचालक, मास्तर, रोपवाल्या बाई, आणि दाराजवळच्या खुर्चीत धाकटी. तिला बोलवा, असं मीच सांगितलं होतं. मी करवतीचे दाते दाखवले, पडलेली रेघ दाखवली, 'केलं' दाखवलं. दोन डब्यांची गोष्ट सांगितली. मास्तर मान हलवत ऐकत होते. दुसऱ्या मजल्याचा डबा मी टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं, तेव्हा त्यांनी अक्षर बघितलं. त्यांची मान हलायची थांबली.

"हे मी काल लिहिलं," मी म्हणाले. "मागच्या गुरुवारी लिहायला हवं होतं. डबा मी भरला होता."

संचालकांनी विचारलं, कशासाठी? मी सांगितलं. जसं होतं तसं. खुर्ची, जळफळाट, चार तास, सगळं. सांगताना लाज वाटली. माझ्या आवाजानं मलाच कसंतरी झालं.

मग रोपवाल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे माझी रोपं तुम्हा दोघींच्या भांडणात गेली?"

"नाही बाई. भांडण माझं एकटीचंच होतं. तिला तर माहीतही नव्हतं."

बाई उठल्या आणि निघून गेल्या. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. संचालकांनी धाकटीच्या किल्ल्या माझ्याकडून मागून घेतल्या आणि तिला दिल्या. माझं काय करायचं ते सोमवारी कळवतो, म्हणाले. मास्तर माझ्याकडे न बघता बाहेर पडले.

मी वर्कशॉपमधून पिशवी घेऊन निघाले तेव्हा धाकटी जिन्यात उभी होती. वाटलं, आता बोलेल. सोळा वर्षांत मी जे जे लोकांना बोलले त्याची सगळ्यांच्या वतीनं फेड करेल. तिनं तसं काही केलं नाही.

"ताई, चार तास बघितलंत?"

"हो."

"काय सापडलं?"

हा प्रश्न आत कुणी विचारला नव्हता. डबा भरला, लिहिलं नाही, रोपं मेली, हे सगळं मी चारचौघांत कबूल केलं होतं. हे मात्र तोंडातून निघेना. जिना चढून दोघं जण गेले, त्यांना वाट देण्याचं निमित्त करून मी भिंतीकडे बघत उभी राहिले. ती हलली नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "एकही चूक नाही. मला इतकं चांगलं जमलं नसतं."

तिचे डोळे भरून आले. तीन दिवस घरी बसवलं तेव्हा रडली असेल तशी नव्हे, वेगळीच.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "सगळे छान छान म्हणतात, पण त्यांना त्यातलं काय कळतं? मास्तरांनी वरवर बघून सही केली. मी महिनाभर वाट बघत होते, तुम्ही काही म्हणाल म्हणून."

आणि ती किल्ल्या घेऊन वर गेली. तिसऱ्या मजल्यावरचा डबा मी बंद करून ठेवला होता, तो चालू करायचा होता. मी खाली उभी राहून तिची पावलं ऐकत होते. खरं सांगते, एवढं सगळं झाल्यावरही, तो डबा ती पहिल्या फटक्यात चालू करणार हे मला माहीत होतं आणि माझ्या पोटात दुखतच होतं.